निःशेष

कोर्पिलाम्पीच्या थांब्यावर रात्री दोनच गाड्या.
दहा चाळीसची टपालगाडी,
आणि तीन पंधराची, ओंडक्यांची.
मधल्या साडेचार तासांचं काय करायचं
हे फिनिश रेल्वेच्या नियमपुस्तकात नव्हतं.

तैमी रौतिओनं ते रद्द पावत्यांच्या पाठीवर सोडवलं.

निवृत्तीच्या वर्षी तिच्या हाताखाली यॉर्मा आला.
तिनं त्याला कंदिलाची काच पुसायला शिकवलं,
गोठलेले सांधे गरम पाण्यानं सोडवायला,
आणि मग, जणू हेही नोकरीतच येतं, म्हणाली, मोज.
फलाटापलीकडे बर्चची झाडं. बर्फात सरळ उभी,
डोळ्यांच्या उंचीपर्यंत एकालाही फांदी नाही.
सतरा, तो म्हणाला.
आता वाच.

१११११११११११११११११

(आपण एकं, दहं, शतं म्हणत चढत गेलो
तर सतराव्या पायरीवर ‘मध्य’ लागतं.
पुढे फक्त परार्ध. त्यानंतर शब्द संपतात,
झाडं संपत नाहीत.)

धाकट्या ओळी तिनं आधीच फोडल्या होत्या.
पाच एकांचे दोन तुकडे, एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर.
सात एकांचे दोन. तेरा एकांचे तीन.
पुस्तकं त्यांना अवयव म्हणतात,
जणू आकड्यालाही हातपाय असतात.
आणि तिच्या लक्षात आलं:
झाडं जितकी, त्याच्या दुपटीनं तुकड्याला भागलं
की दर वेळी एक उरतो.
म्हणजे सतरासाठी चौतिसाच्या ढांगा,
एकापासून निघून.
वाटेत जो आकडा स्वतःच फुटका, तो वगळायचा.

रात्री चार भागाकार. थंडी कमी असली तर पाच.
बाकी उरायची. लिहून ठेवायची.
एर्क्की गेला त्या रात्रीच्या पावतीवरही चार आहेत,
चौथ्यात हातचा चुकलाय.
तिनं तो खोडला नाही, शेजारी पुन्हा मांडला.

सातव्या हिवाळ्यात, साठ हजार नऊशे तेहतिसाव्या ढांगेला,
२०७१७२३.
खाली खाली उतरत गेलेला भागाकार
शेवटच्या ओळीत थांबला, आणि काहीच उरलं नाही.
वर दुसरा तुकडा तयारच होता, ५३६३२२२३५७.
तीन पंधराची आली. तिनं हिरवा कंदील दाखवला.
ड्रायव्हरनं टोपीला हात लावला, रोजच्यासारखा.

तिनं औलूच्या एका शाळामास्तरला पत्र घातलं.
उत्तर पाच आठवड्यांनी आलं, फार सभ्य.
हे तुकडे तिच्या जन्माआधीच कुणाला सापडले होते,
सोबत छापील तक्त्याची नक्कल.
तेच दोन आकडे, तिरप्या टायपात.

यॉर्मानं विचारलं, मग?
मग काय. बरोबर आलं होतं.

तक्त्यात दोन ओळी खाली एकोणीस एक होते.
त्यांच्यापुढे तुकडे नव्हते,
एवढंच छापलं होतं: मूळ.
मे महिन्यात जमीन सुटल्यावर
तिनं रांगेच्या टोकाला दोन रोपं लावली,
कमरेएवढी, काठीला बांधून.
कुणी विचारलं तर म्हणायची, वाऱ्यासाठी.

आता ती कायानीला बहिणीकडे असते.
रोपांपैकी एक जरा कललंय.
यॉर्मा दहा चाळीसची सोडतो, स्टोव्हमध्ये लाकूड सारतो,
पावती उलटी करतो.
तक्ता त्यानं पाहिलाय. ही रांग फुटणार नाही
हे त्याला पक्कं ठाऊक आहे.
तरी अडतिसाच्या ढांगा टाकत
पहिल्या अखंड दगडापाशी येतो, एकशे एक्क्याण्णव,
आणि एकोणीस एकांना त्यानं भागायला बसतो,
जीभ दातांत धरून.

बाकी चौऱ्याऐंशी.

लिहून ठेवतो.
तीन पंधराची अजून लांब आहे.